सायकलींच्या रस्त्यास माझी हरकत

संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार. बाजाररस्त्याविषयीच्या जाहीर सूचनेवर सही झाली. जबाबदार: सही करणारे अधिकारी.

त्याच आठवड्यातील शुक्रवार. ती सूचना प्रत्यक्ष फलकावर लागली, तीही नगरपालिकेच्या कचेरीच्या आतल्या बोळात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे. जबाबदार: ज्यांच्या टेबलावर ती चार दिवस पडून राहिली ते लिपिक.

पुढचा मंगळवार. सूचनेविरुद्ध पहिली लेखी हरकत दाखल झाली. जबाबदार: मी.

महाशिवरात्रीचा आदला दिवस. सुनावणी झाली आणि योजना बारगळली. जबाबदार: सुनावणी घेणारे साहेब, आणि सभागृहात ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते सर्व.

हे दिवस मी मुद्दाम सणावारांनी सांगितले आहेत, कारण लोकांना तसेच लक्षात राहतात. इंग्रजी तारखा आवक क्रमांकांसह माझ्या फायलीत आहेत. ज्याला शंका असेल त्याने घरी येऊन पाहाव्यात. चहाही मिळेल.

मी दिवाणी न्यायालयात नोकरी केली. बेलीफ म्हणून लागलो, नाझर म्हणून निवृत्त झालो. नाझर म्हणजे समन्स, नोटिसा आणि जप्तीचे हुकूम बजावणाऱ्या बेलिफांवर देखरेख करणारा. समन्स कोणाच्या हाती दिले, दार बंद असल्यास ते दारावर कोणत्या पंचांसमक्ष चिकटवले, मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, यावर माझे आयुष्य गेले. एखाद्या नोटिशीत एक दिवस कमी पडला म्हणून वर्षानुवर्षांचे दावे पुन्हा पहिल्या पायरीवर आलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे कोणताही छापील कागद हाती आला की मी मजकुराआधी त्याखालची तारीख वाचतो. ही सवय चांगली आहे, असे मी चाळीस वर्षे समजत होतो.

त्या काळी बेलीफ सायकलीवरून हिंडत. सायकलीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला असे, आणि तो नसला की चौकातला हवालदार न्यायालयाच्या माणसालाही उतरवत असे. रत्नागिरीत सपाट रस्ता तसा विरळाच. खाली बाजार, वर वस्ती, मध्ये जांभ्यातून कापलेले चढ. आम्ही चढाला उतरत असू आणि उताराला बसत असू. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आज मात्र सायकलीचा विषय निघाला की पहिल्याच वाक्यात चढ येतो, जणू हा चढ गेल्या वर्षीच कोणी आणून टाकला आहे.

आता माझ्या घरातील गोष्ट सांगणे भाग आहे. माझी पत्नी राजापूरकडे एका शाळेत शिक्षिका होती आणि शाळेला सायकलीने जात असे. तिची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, बाजाररस्त्याच्या पलीकडच्या टोकाला राहते. दोन वर्षांपूर्वी ताईंची उजवी बाजू लुळी पडली. बोलणे एकदोन शब्दांवर आले. मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात. त्यानंतर दुपारी बाई येईपर्यंत त्या खिडकीशी बसून असतात. माझी पत्नी सकाळी त्यांच्याकडे आटवल, म्हणजे आमच्याकडचा मऊ भात, घेऊन जाते, भरवते, आणि केस विंचरून वेणी घालते. या वेणीविषयी ताई फार काटेकोर आहेत. सुनेने घातलेली त्यांना चालत नाही.

आमच्या घरापासून तेथवर चालत जायचे तर उतार लागतो, आणि पत्नीच्या गुडघ्यांना उतारच सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, चालणे कमी करा, सायकल चालली तर चालवा. सायकल घरात होतीच. रस्ता नव्हता. बाजाररस्ता मुळात दोन बैलगाड्यांच्या मापाचा. त्यावर आता दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, मध्ये दुचाक्या, आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या समुद्र शोधत शिरलेल्या. रिक्षावाले इतक्या जवळचे भाडे सकाळी घेत नाहीत. माझी स्कूटर मोतीबिंदूनंतर विकली.

अशा स्थितीत तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारपासून चार आठवडे एक प्रयोग झाला. सकाळी सात ते अकरा बाजाररस्त्यावर मोटारी आणि दुचाक्या बंद. माल सातच्या आत उतरवायचा. रुग्णाची रिक्षा तेवढी सोडायची. बाकी रस्ता पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा. ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला ठाऊक नाही. निघाली तेव्हा मी तिला शिव्या दिल्या होत्या, कारण प्रयोगाची सूचनाही नीट प्रसिद्ध झाली नव्हती. तरीही पहिल्या सोमवारी माझ्या पत्नीने सायकलीत हवा भरून घेतली, घंटी वाजवून पाहिली, डबा पुढच्या टोपलीत ठेवला आणि निघाली.

मी मागून चालत गेलो. तिने वळून पाहिले.

"अहो, पाळत कसली ठेवताय? मी फरार होत नाही."

"रस्ता ओला आहे," मी म्हणालो.

"तुमच्या चपला गुळगुळीत झाल्यात. तुम्हीच पडाल."

मी परत फिरलो. परंतु बाजाराच्या तोंडाशी काही वेळ उभा राहिलो, हे मान्य करतो. दुकानांच्या फळ्या उघडण्याचा आवाज येत होता. कोणी पायरी झाडत होते. तिची घंटी मला रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली. त्या रस्त्यावर एखादा आवाज शेवटपर्यंत ऐकू येतो, हे मी विसरलो होतो.

परतताना घराजवळच्या चढाला ती उतरून सायकल ढकलत असे. कोपऱ्यावरचा रिक्षावाला रोज चेष्टा करी, "काकू, पंक्चर काय ओ?" ती म्हणे, "पंक्चर नाही, चढ आहे. तुझ्या रिक्षाला लागत नाही, मला लागतो." चार आठवडे ताईंची वेणी रोज घातली गेली. पत्नी घरी येऊन सांगे, आज ताई "पुरे" म्हणाली, आज "मीठ" म्हणाली. ताईंच्या शब्दांची अशी मोजणी आमच्याकडे होऊ लागली होती.

प्रयोग संपला. मोटारी दुसऱ्याच दिवशी परतल्या. मग संक्रांतीनंतर ती सूचना निघाली: हा नियम कायम करण्याचे योजिले आहे, पंधरा दिवसांत हरकती व सूचना पाठवाव्यात.

मी त्या कचेरीत गटाराच्या दुसऱ्या एका अर्जाचे उत्तर मागायला गेलो होतो. पाणी प्यायला वळलो आणि टाकीमागे ती सूचना दिसली. सवयीने आधी तारीख पाहिली. सही सोमवारची. फलकावर लागली शुक्रवारी. शिपायाने कोपऱ्यात पेन्सिलीने तसे लिहिले होते, त्याचे मला कौतुक वाटले. पंधरा दिवस मात्र सोमवारपासून धरले होते. म्हणजे नागरिकांचे चार दिवस बुडाले. माझे डोके तापले. घरी येईपर्यंत मी बोटांवर तीनदा मोजले.

माझा विचार असा होता, आणि तो आजही मला चूक वाटत नाही. या सूचनेवर नियम कायम झाला, तर उद्या कोणीही व्यापारी न्यायालयात जाईल आणि केवळ या चार दिवसांवर स्थगिती आणील. पाया कच्चा ठेवून घर बांधू नये. सूचना मागे घ्या, दुरुस्त करा, दर्शनी भागी चिकटवा, मुदत नव्याने मोजा, आणि मग नियम असा करा की तो कोणाच्या बापाला हलवता येणार नाही. मी सात पाने लिहिली. पहिल्या पाच पानांत मुदतीचा आणि प्रसिद्धीचा विचार. सहाव्या पानावर स्वच्छ लिहिले की योजना स्वागतार्ह आहे आणि माझ्या कुटुंबास तिचा प्रत्यक्ष लाभ झाला आहे. विषयाच्या ओळीत लिहिले: सूचनेस हरकत.

पत्नीने कागद वाचायला घेतला आणि पहिल्या ओळीवरच थांबली.

"हरकत? आपल्याला हवंय ना ते?"

"हवे आहे म्हणूनच हरकत. दोष दाखवायचा तर त्याला हरकतच म्हणतात."

"विषयात पाठिंबा लिहा. खाली काय हवे ते दोष दाखवा."

"पाठिंबा हा सभेतला शब्द आहे. कायद्यात त्याला स्थान नाही."

"वाचणारा कायद्यातला असेल कशावरून? सहाव्या पानापर्यंत कोण जातंय! मी तीस वर्षं पेपर तपासलेत. पहिल्या ओळीवरच मार्क पडतात."

मी तिला हसलो. हे येथे नमूद करतो.

मंगळवारी अर्ज दिला. आवक लिपिकाच्या वहीत दोनच रकाने आखलेले होते, एक हरकतींचा, एक पाठिंब्याचा. त्याने विषय वाचला, पहिल्या रकान्यात एक आकडा घातला, शिक्का मारला आणि पोच दिली. मी पोच नीट तपासली. शिक्का सुवाच्य होता. समाधानाने घरी आलो.

सुनावणीला सभागृह भरले होते. आधी कापडाचा एक मोठा व्यापारी उठला. त्याचे म्हणणे, गिऱ्हाईक पायरीला गाडी लावते तेव्हाच खरेदी करते. मग कोपऱ्यावरचा तो रिक्षावाला उठला.

"साहेब, रत्नागिरी काय सपाट हाय काय? इकडं निम्मा वेळ माणूस सायकलीवर, नि निम्मा वेळ सायकल माणसावर!"

सभागृह हसले. मीही हसलो असेन. मागून एक मासे विकणारी बाई उभी राहिली, तिला कोणी बोलावले नव्हते.

"हसताव काय? मोटारवाला काच खाली करतो, पापलेट कशी दिली इचारतो, नि काच वर करून जातो. चालत येणारं माणूस उभं ऱ्हातं, घासाघीस करतं, पण घेतं. ते चार आठवडे माझी टोपली दहालाच रिकामी व्हायची."

"मावशी, तुमचं लेखी आहे काय?" साहेबांनी विचारले.

"लेखी कशाला? मी समोर उभी हाय ना!"

साहेब म्हणाले की केवळ लेखी म्हणणे विचारात घेता येईल. मग त्यांनी फाइल उघडली आणि माझ्याकडे पाहून आदराने मान हलवली. "आलेल्या हरकतींपैकी कायदेशीरदृष्ट्या सर्वांत भक्कम हरकत क्रमांक एक आहे. हरकतदार न्यायालयातून निवृत्त झालेले ज्येष्ठ नागरिक आहेत." त्यांनी माझी पाने वाचून दाखवली. पहिले, दुसरे, तिसरे. माझी भाषा त्या सभागृहात चांगली घुमली. तिसऱ्या पानाच्या शेवटी त्यांनी फाइल मिटली. "सूचनाच सदोष असल्याने पुढील कार्यवाही करता येत नाही. योजना रद्द करण्यात येत आहे."

टाळ्या वाजल्या. मी उभा राहिलो. "साहेब, पुढे वाचा. सहावे पान वाचा. मी रद्द करा म्हटलेले नाही. दुरुस्त करा म्हटले आहे."

"आपले म्हणणे लेखी आले आहे," साहेब म्हणाले, आणि उठले.

हे वाक्य मी स्वतः किती पक्षकारांना ऐकवले असेल! न्यायालयाच्या ओसरीवर, दूरच्या खेड्यातून पहाटेच्या एसटीने आलेल्या माणसांना, पाठ फिरवता फिरवता. ते ऐकल्यावर माणूस जागच्या जागी कसा उभा राहतो, हे मला ओसरीवर कधी दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मला उपास होता. त्याच दिवशी तो कापडाचा व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला. "काका, आम्ही पन्नास सह्या गोळा केल्या, पण तुमच्या एका कागदाने काम केलं. तुमच्यामुळे वाचलो." मी म्हणालो, मी तुमच्या बाजूने लिहिलेले नाही. तो हसला. "ते तुमचं मोठेपण." पुडा कट्ट्यावर ठेवून गेला.

पत्नी आतून आली. तिने पुडा उघडला नाही, फेकलाही नाही.

"तुमचंच पत्र वाचून दाखवलंनी ना सगळ्यांसमोर? आणि ह्याने पेढे आणलेन." मग ती म्हणाली, "चार दिवस कमी होते म्हणता. माझे किती गेले ते कधी मोजणार?"

त्यानंतर माझे कशात लक्ष लागेना. अंगणात फेऱ्या घालायचो, मध्येच आत येऊन फाइल उघडायचो, तीच सात पाने पुन्हा वाचायचो आणि त्यात चूक शोधायचो. चूक सापडत नसे. प्रत्येक वाक्य बरोबर होते. जेवताना उठून एखादा शब्द टिपून ठेवायचो. शेवटी अर्ज केला: माझी हरकत मी मागे घेत आहे, सबब तिच्या आधारे झालेला निर्णय फेरविचारार्थ घ्यावा. उत्तर आले, निकाली निघालेली हरकत मागे घेता येत नाही. मी लिहिले, मग सूचना दुरुस्त करून नव्याने काढा. निर्णयातच दोष सूचनेचा आहे असे म्हटले आहे, योजनेचा नव्हे. उत्तर आले, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. मी विचारले, कोणत्या दिवशी. उत्तर आले, प्रकरण दप्तरी दाखल आहे. याच अर्थाची अकरा पत्रे मी लिहिली आहेत. गावात मला पाहून लोक हात जोडतात आणि "वकीलसाहेब, बाजार वाचवलात" म्हणतात. मी वकील नाही, आणि मी काहीही वाचवलेले नाही.

इकडे पत्नीचे ताईंकडे जाणे आठवड्यातून दोनदा, कधी एकदा, असे झाले. कोणी गाडीने सोडणारा मिळाला तर. संध्याकाळी ताईंची सून फोनवर सांगायची की ताई दिवसभर दाराकडे पाहतात आणि एकच शब्द विचारतात: "आली?"

पाडव्याच्या सुमारास सलग पाच दिवस जाणे झाले नाही. सहाव्या दिवशी मी रिक्षा मिळवली आणि आम्ही दोघेही गेलो. पत्नी फणी घेऊन बसली. केसांत मागच्या बाजूला गुंता इतका घट्ट बसला होता की तेल लावूनही सुटेना. तिने बराच वेळ प्रयत्न केला. मग कात्री मागितली. कापलेले केस ताईंच्या मांडीवर पडले. ताईंनी ते डाव्या हाताने उचलले आणि पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी वर्तमानपत्र वाचत असताना, ती न सांगता सायकल घेऊन गेली.

तासाभरात फोन आला. पेढे आणणाऱ्या व्यापाऱ्याचाच. मी उतारावरून कसा गेलो ते आठवत नाही. ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर खुर्चीत बसली होती. कोपर सोलले होते, चष्म्याची एक काडी वाकली होती. आटवल रस्त्यावर सांडली होती आणि तीवरून चाके जात होती. व्यापाऱ्याने तिला पाणी दिले होते, जखम धुऊन पट्टी बांधली होती, हे मी नाकारत नाही.

"गाडीचा आरसा हँडलला लागला, काका. थांबलासुद्धा नाही हो मेला."

"ती रस्त्याच्या मध्ये कशी गेली?" मी विचारले. तिच्या जाण्याच्या बाजूला, दुकानापुढे, एक टेम्पो तिरका उभा होता. सायकलीला रस्त्याच्या मध्याशी गेल्यावाचून पुढे जाणे शक्य नव्हते. "हा टेम्पो कोणाचा?"

तो खाली पाहू लागला. "माझाच. माल उतरतोय."

त्याने दुकानातील माणसाला टेम्पो काढायला सांगितले. मग स्वतःच चावी घेऊन गेला आणि काढला.

मी रिक्षा शोधू लागलो. पत्नी उठली. "घरी नाही जायचं. डबा सांडला, फणी आहे ना." मग ती लंगडत चालली आणि मी तिची सायकल धरून मागे चाललो. सगळे दुकानदार पाहत होते. घरी पोहोचल्यावर ताईंनी तिच्या कोपराची पट्टी डाव्या हाताने चाचपली. वेणी होईपर्यंत तो हात त्यांनी तेथून काढला नाही.

तेव्हापासून ती एक दिवसाआड सायकलीने जाते. मी नको म्हणतो. ती म्हणते, "तुमची हरकत नोंदवून घेतली." ती परत येईपर्यंत मी फाटकाशी उभा असतो. वर्तमानपत्र हातात असते, वाचले जात नाही. मोटारीचा हॉर्न जरा लांबला की मी रस्त्यावर जातो. आंब्याच्या दिवसांत गाड्या आणखी वाढल्या आहेत, आणि मेची सुट्टी अजून व्हायची आहे.

म्हणून आता हे पत्राने होणार नाही. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना माझे जाहीर सांगणे आहे. माझ्या हरकतीचा दोष मी माझ्या पदरात घेतला आहे. विषयाच्या एका ओळीत मी बायकोचे ऐकले नाही, हे मी अख्ख्या गावासमोर कबूल करतो. परंतु माझ्या कागदाने तुम्हाला चार दिवसांची चूक दाखवली होती आणि ती चार ओळींत दुरुस्त होणारी होती. ती तुम्ही दुरुस्त का केली नाहीत? योजना तुम्हाला नकोच होती आणि माझा कागद आयता सापडला, असे असेल तर तसे सांगा. नसेल, तर सुधारित सूचना कोणत्या दिवशी, कोणत्या दर्शनी भिंतीवर लागणार, ते सांगा. कचेरीत नव्हे, आणि "योग्य ती कार्यवाही" हे शब्द वगळून. बाजाररस्त्याच्या तोंडाशी या, सकाळी साडेसात वाजता, माझी पत्नी सायकल घेऊन तेथून जाते त्या वेळी. त्या मासेवालीला आणि त्या व्यापाऱ्यालाही मी बोलावतो. त्यांच्यासमोर, तोंडी, मोठ्याने उत्तर द्या.